दाबलेला काना

हिंगणघाटात फाउंटन पेन दुरुस्त करणारा माणूस आता एकच उरला आहे, प्रेमदास. तोही उरला म्हणून उरला. हौस त्याची कधीच फिटली. तहसील कचेरीमागच्या गल्लीत राहत्या घराच्या ओसरीवर त्याचं टेबल, टेबलावर काचेचा खोका, खोक्यात दोन-तीन पेनं आणि बाकी सगळे घड्याळांचे सेल अन् चष्म्यांचे इस्क्रू. पोट त्या सेलांवर चालतं. वय एकाहत्तर. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून बसलेला, ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणता म्हणता संक्रांत उलटली. कमरेचं तर बोलायलाच नको. फेब्रुवारी लागला की टेबल उचलायचं, असं त्यानं बायकोला, अन्नपूर्णाला, सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, बरं होईन, तिथं शिलाई मशीन ठेवता येईन. पन्नास वर्षांच्या कामाला एवढाच निरोप मिळाला.

आणि नेमकं तेच पेन तिसऱ्यांदा दारात आलं.

घेऊन आली रुचिका, बाजार ओळीतल्या धान्य दुकानवाल्या गजेंद्रची बायको. पंधरवड्यातली तिसरी खेप. रुमालात गुंडाळलेलं पेन तिनं टेबलावर ठेवलं आणि प्रेमदासनं ते न उघडताच डोळे मिटले. गिऱ्हाईक परत आलं की दुकानदाराला आनंद होतो म्हणतात. दुरुस्तीवाल्याचं तसं नसतं बापा. तेच काम परत आलं म्हणजे कोणीतरी चारचौघांत थोबाडीत दिल्यासारखं वाटतं.

पेन रुचिकाच्या सासूचं, सुलोचनाबाईंचं. सुलोचनाबाई कोण, हे हिंगणघाटात पूर्वी सांगावं लागत नव्हतं, ऐकूच यायचं. गादीवर शेटजी बसायचे ते नावाला, दुकान चालायचं बाईच्या गळ्यावर. त्यांनी दुकानातून हमालाला हाक मारली की वणा नदीवर धुणं धुणाऱ्या बाया मान वर करायच्या, असं लोक सांगत. थोडं तिखटमीठ असेल त्यात, पण थोडंच. प्रेमदासनं स्वतः त्या तोंडाचा प्रसाद खाल्लेला. अठ्ठ्याऐंशी साली हेच पेन ठरल्या दिवशी दिलं नाही म्हणून बाई भर बाजारात त्याला अशी बोलली होती, की पुढची दोन वर्षं तो त्या ओळीतून खाली मान घालून जायचा. पण बोलून झाल्यावर बाईनं त्याच आवाजात आतून चहा मागवला होता, आणि तो घरातल्याच कपात दिला होता. त्या काळी, त्या ओळीत, प्रेमदासच्या समाजाच्या माणसाला ही गोष्ट विसरता येण्यासारखी नव्हती. तो विसरलाही नाही.

तीन वर्षांमागं शेटजी गेले. मागच्या वर्षी बाईच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता गळ्याला एक भोक, त्यातून श्वास, अन् वर पांढरा रुमाल. जिची हाक नदीपर्यंत जायची ती बाई हसली तरी खोलीत कळत नाही. दैवाची थट्टा म्हणतात ती हीच असावी, आणि कोणाला हसू येत असेल तर येवो, प्रेमदासला येत नव्हतं.

गजेंद्रनं आईला मोठा मोबाईल आणून दिला, यात लिही म्हणाला. बाईनं दोन दिवस बोटानं टकटक केली आणि मोबाईल परत दिला. त्यात सगळी अक्षरं एकाच मापाची. मग बॉलपेन दिलं. बाईनं इतकं दाबलं की कागद फाटला, पण अक्षर राहिलं काडीएवढंच. बॉलपेननं बोलता येतं, ओरडता येत नाही. तेव्हा बाईनं कपाटातून हे पेन काढलं. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी दिलेलं, काळ्या एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, ड्रॉपरनं शाई भरायचं, आणि निब अशी मऊ की दाबली तर फाकते, सोडली तर मिटते. हलका हात ठेवला तर केसाएवढी रेघ, जोर दिला तर सुतळीएवढी. पहिल्या दिवशी बाईनं बारीक अक्षरात 'चहा' लिहिलं. पाऊण तासानं परत 'चहा' लिहिलं, तेव्हा त्यातला काना एवढा जाड होता की रुचिका हातातली भाजी टाकून गॅसकडे धावली. घरात आवाज परत आला होता. जाड अक्षर पुढ्यात आलं की गजेंद्रचा घास हातातच राहायचा.

संक्रांत झाली आणि पेन बिघडलं. बारीक रेघ ठीक यायची. पण बाईनं जोर दिला की निबचे दोन पाय फाकायचे आणि मधल्या जागेत शाई पोचायचीच नाही. कान्याच्या जागी दोन बारीक रेघा, मधे पांढरं. प्रेमदास याला 'रूळ पडणं' म्हणतो. म्हणजे नेमकं ओरडायचं तिथंच आवाज फाटायचा.

पहिल्या खेपेला त्यानं निब आणि तिच्या खालची जीभ बाहेर काढली. जीभ म्हणजे ती काळी पट्टी, जिच्यातल्या चिरेतून शाई टाकीतून निबपर्यंत येते. दाबल्यावर जास्त शाई लागते आणि चीर अरुंद आहे, असं त्याला वाटलं. म्हणून ब्लेडच्या टोकानं ती केसभर खोल केली. काना भरून आला. पाच दिवसांनी पेन परत. दुसऱ्या खेपेला त्यानं जीभ गरम पाण्यात धरून मऊ केली आणि निबला चिकटून बसेल अशी दाबली, वर शाई घट्ट आहे म्हणून दुसरी वापरायला सांगितली. पुन्हा काना भरून आला. सहा दिवस चाललं. आणि आता ही तिसरी खेप.

"काका, त्या आता लिहूनच नाई राह्यल्या," रुचिका म्हणाली.

तीन दिवस झाले होते. बाईनं पेन बाजूला ठेवलं आणि वहीही मिटली. काही विचारलं तर मान हलवायची, हो किंवा नाही, बस. कालच गजेंद्र जेवताना दुकानाच्या मागच्या खोल्या भाड्यानं देण्याचं बोलला. पूर्वी बाईनं ताट सरकवलं असतं, नंतरच्या काळात पानभर जाड अक्षर लिहिलं असतं. काल नुसती उठून आत गेली. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं म्हणत रुचिकानं पदर डोळ्याला लावला. सासू भांडत नाही म्हणून सुनेच्या डोळ्यात पाणी, हे प्रेमदासनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

परवा रथसप्तमी, तिच्या घरी हळदीकुंकू, बाया येणार. त्याआधी पेन झालं पाहिजे, एवढंच तिनं मागितलं. त्या दिवशी तरी ते त्यांच्या हातात असू द्या, म्हणाली. त्याच दिवशी काऊन, हे प्रेमदासनं विचारलं नाही. विचारायचंही अंगात बळ नव्हतं.

"होईन का नाई सांगता येत नाई, बाई," तो म्हणाला. "माह्या हातच आता..."

ती गेल्यावर तो कितीतरी वेळ पेनाला हात न लावता बसला. खरी भीती त्यानं रुचिकाला सांगितली नव्हती. पहिल्या खेपेला चीर खोल करताना डावा डोळा धूसर होता, उजव्यानंच काम केलं होतं. ब्लेड वाकडं गेलं असेल तर? साठ वर्षांपूर्वीची ती जीभ, तशी दुसरी आता कुठं मिळायची? नागपुरात नाही, कुठंच नाही. जीभ गेली तर पेन गेलं, पेन गेलं तर बाईचं बोलणं गेलं, आणि एवढं होऊन त्याला कारण आपला हात. डॉक्टरनं बाईचा जीव वाचवायला आवाज काढून घेतला. आपण तर काहीच न वाचवता दुसऱ्यांदा काढून घेतला. असं काहीबाही डोक्यात फिरत राहिलं आणि तो आणखीच थकला.

शेवटी दुपारी त्यानं पेन उघडलं. या वेळी रुचिकानं ते रिकामं करून आणलं होतं, आत शाईचा थेंब नव्हता. आधीच्या दोन्ही खेपांना आत निळी शाई असल्यानं पाणीही निळंच झालं होतं. निब आणि जीभ त्यानं पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत ठेवली, कोमट पाणी ओतलं आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला. जुन्या ब्रशनं हलकेच फिरवलं.

पाणी लाल झालं.

बोट कापलं, असं त्याला वाटलं. दाही बोटं त्यानं उजेडात धरून पाहिली, कुठं ओरखडा नव्हता. डोळ्यांवरचा विश्वास आधीच गेलेला, म्हणून त्यानं अन्नपूर्णाला हाक मारली आणि रक्त कुठून आलं ते पाहायला सांगितलं. ती पदराला हात पुसत आली, बशीत डोकावली आणि हसली.

"रक्त कायचं अवो? हळद हाय ते. हळदीले साबण लागला की लालच होते. इतके वर्स तुमचे कपडे धुतले मी, मले नाई समजणार?"

प्रेमदासनं भिंग डोळ्याला लावलं. जिभेच्या चिरेत पिवळा-लाल चिखल बसला होता, आणि निबच्या मधोमध जे बारीक गोल भोक असतं ना, ते कुंकवानं काठोकाठ बुजलेलं. त्या भोकातून हवा आत जाते. हवा आत गेली तर शाई बाहेर येते. थोडीशी लागली तर कशीबशी येते, जास्त मागितली की अडते. आधीच्या दोन्ही खेपांना काना भरून आला तो नुसत्या धुण्यानं. चीर त्यानं सरळच कापली होती. हात वाकडा गेला नव्हता. कोणीतरी पेनाला हळदीकुंकू लावत होतं, आणि एकदा नाही, रोज लावत असावं.

क्षणभर त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि दुसऱ्या क्षणी दुसरं चढलं. कारण आता हे सांगावं लागणार होतं.

प्रेमदासच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून या घरात बुद्धाची तसबीर आहे आणि पूजेचं ताट नाही. आणि तो, त्या घरातला माणूस, बाजार ओळीतल्या शेटच्या सुनेला जाऊन सांगणार की पेनाला हळदीकुंकू लावत जाऊ नका? बोलायला जावं एक अन् लोकांनी ऐकावं दुसरं. गावात असल्या गोष्टीला पाय फुटायला किती वेळ लागतो? साफ करून द्यावं, गप्प बसावं, आठ दिवसांनी परत आलं तर परत साफ करावं. टेबल तर उचलायचंच आहे. त्यानं हे अन्नपूर्णाला बोलून दाखवलं.

"तुमी त्याईच्या देवाले नावं ठेवून राह्यले का?" ती म्हणाली. "भोकाले नाव ठेवून राह्यले. अन् टेबल उचलल्यावर ते पेन कोणाकडं न्यायचं त्या पोरीनं?"

प्रेमदासनं चीर सुईनं कोरून साफ केली, भोक घोड्याच्या केसानं मोकळं केलं, जीभ पुन्हा बसवली, शाई भरली. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यानं दाबून एक काना ओढला. शाई निबच्या मागोमाग धावत आली.

रथसप्तमीच्या सकाळी तो स्वतःच पेन घेऊन निघाला. कंबर धरून, दोनदा थांबत. गजेंद्रच्या अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घातलेलं, जळक्या दुधाचा वास दारापर्यंत येत होता. गजेंद्र दुकानात होता. रुचिका मधल्या खोलीत वाणाच्या स्टीलच्या वाट्या मांडत होती. पुढ्यात तिळगुळाचा डबा, हळदीकुंकवाचा करंडा. आतल्या दाराशी खाटेवर सुलोचनाबाई बसल्या होत्या. फिकट लुगडं, कोरं कपाळ, गळ्याला रुमाल. प्रेमदासनं नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडे पाहायला लागल्या. अठ्ठ्याऐंशी सालच्या शिव्या त्याला त्या नजरेपेक्षा बऱ्या वाटल्या.

त्यानं पेन उघडून रुचिकाच्या पुढं धरलं.

"बाई, एक सांगतो, वाईट नोको मानजो. हे बारीक भोक दिसते? पेन इथून श्वास घेते. त्यात कुंकू बसलं की गुदमरते."

रुचिकानं निबकडे पाहिलं. मग सासूच्या गळ्यावरच्या रुमालाकडे पाहिलं. रुमालाखालचं ते भोक ती रोज दोन वेळा स्वतःच्या हातानं पुसत होती, धुळीचा कण जाऊ देत नव्हती. प्रेमदासला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. ती रागावली नाही, देवाधर्माचं काढलं नाही. होती तिथंच खाली बसली.

"मीच लावत होती," ती म्हणाली. आवाज इतका खाली की प्रेमदासला वाकावं लागलं. "रोज कोणी ना कोणी बोलावाले येते, साऱ्या बायाईले लावा लागते, अन् आई आत बसून पाह्यतात. त्याईले तर लावता येत नाई. मंग बाया गेल्या की मी पेनाले लावत होती. त्याईचं म्हणून."

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत या ओळीत रोज कोणाकडे ना कोणाकडे हळदीकुंकू असतं. चाळीस वर्षं त्याची सुरुवात सुलोचनाबाईंच्या हाकेनं व्हायची. या घरचं झाल्याशिवाय दुसरं घर ताट काढत नव्हतं. शेटजी गेले आणि बाई आतल्या खोलीत गेली. कोणी जा म्हटलं नाही. म्हणावं लागत नाही, तीच तर या रिवाजाची लबाडी आहे. आणि ही गिरडच्या माहेरची पोर, जिला सासूच्या कपाळाला हात लावायची हिंमत नव्हती, ती रोज संध्याकाळी निबवरचं ते गोल भोक कपाळ समजून त्यावर कुंकू टेकवत होती. मायेनं लावत होती आणि त्याच मायेनं बाईचा आवाज बंद पाडत होती. प्रेमदासला कुठं पाहावं कळेना.

खाटेच्या लाकडावर टकटक झाली. बाईची हाक आता तीच होती.

सुलोचनाबाईंनी हात पुढं केला. प्रेमदासनं पेन त्या हातात दिलं. उशाखालची वही त्यांनी काढली, तीन दिवस मिटलेली, आणि लिहायला लागल्या. तो वाकून पाहू लागला. पण दुरुस्तीवाल्याची खोड, शब्द त्यानं आधी पाहिलाच नाही. त्यानं पाहिली रेघ. निब फाकली, काना खाली उतरला आणि दोन्ही कडांच्या मधे निळी शाई भरून आली, ओली, चमकती. रूळ नव्हते. मग त्यानं शब्द वाचले.

'पेनाले नको. मले लाव.'

रुचिका उठून आली आणि वाचून तिथंच थबकली. चार वाजता बाया येणार होत्या. त्यांच्यासमोर, त्या कपाळानं आई बसणार? लोक काय म्हणतील, गजेंद्र काय म्हणेल, असं ती अडखळत बोलू लागली. सुलोचनाबाईंनी तिला पूर्ण बोलू दिलं. नवीन काही लिहिलं नाही. निब 'लाव'च्या खाली टेकवली आणि एक रेघ ओढली, अख्ख्या जोरानं. कागद ओला झाला.

मग रुचिकानं करंडा उचलला. आधी हळद, मग कुंकू. प्रेमदासनं तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पण बांगड्यांचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता.

थोड्या वेळानं पुन्हा टकटक झाली. त्यानं वळून पाहिलं. सुलोचनाबाईंनी वाणातली एक कोरी वाटी उचलली होती आणि तिच्या बुडात आपलं कपाळ पाहत होत्या. कुंकू भुवईकडे उतरलं होतं, जरासं नाकावरही सांडलं होतं. त्यांनी वाटी खाली ठेवली, पेन घेतलं, वही मांडीवर ओढली आणि एका दमात लिहून पान सुनेच्या नाकासमोर धरलं.

'वाकडं लावलं.'

रुचिका रडत रडत हसायला लागली आणि पदराचं टोक ओलं करून पुसायला पुढं झाली. प्रेमदासनं चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि ते पान नीट पाहिलं. दोन्ही काने काठोकाठ भरलेले होते.